प्रकल्प नोंदी: एक बाजू, एक बैठक

२ जून

कामाची व्याप्ती ठरली. आपल्या श्रोतेगटाच्या सभासदांकडच्या क्लासिक रॉकच्या एलपी (दोन बाजूंच्या मोठ्या रेकॉर्ड) आणि कॅसेट डिजिटल करायच्या, प्रत्येक प्रतीची नोंद ठेवायची, मैफलींच्या आठवणी तारखेसकट लिहून घ्यायच्या आणि महिन्यातून एकदा एक आख्खी बाजू सगळ्यांनी बसून ऐकायची. मोजमाप गाण्याचे नाही, बाजूचे. फाइलसुद्धा बाजूगणिक एकच राहील. गाणी कुठे सुरू होतात ते वेगळ्या क्यू फाइलमध्ये लिहायचे, पण फाइल कापायची नाही.

याचे कारण अल्बमांच्या रचनेतच आहे. साठच्या दशकाच्या शेवटापासून सत्तरच्या अखेरीपर्यंतचे मोठे अल्बम वीस-बावीस मिनिटांच्या दोन भागांचा विचार करून बांधलेले आहेत. बाजू कशाने उघडते, कशाने मिटते आणि रेकॉर्ड उलटायला उठताना कानात काय घुमत राहते, हे सगळे ठरवून केलेले असते. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) मध्ये पहिली बाजू ‘द ग्रेट गिग इन द स्काय’वर विरते आणि दुसरी नाण्यांच्या खणखणाटाने उघडते. मध्ये शांतता अपेक्षित आहे. पण हा अल्बम साधारण ४३ मिनिटांचा, आणि सी-९० कॅसेटच्या एका बाजूला ४५ मिनिटे मावतात. त्यामुळे दुकानातून भरून घेतलेल्या कॅसेटवर ज्यांनी तो ऐकला, त्यांच्यासाठी ही दोन गाणी एकमेकांना चिकटलेली आहेत. आपल्याकडे रॉक मुख्यतः कॅसेटवर ऐकले गेले. म्हणून दोन्ही रूपे जपायची: रेकॉर्डवर अल्बम कसा रचला होता आणि कॅसेटवर तो कसा पोचला.

डिजिटल प्रत फक्त त्या रेकॉर्डच्या मालकाला मिळेल. बैठकीत मूळ रेकॉर्डच वाजेल.

५ जून

खोली १२ बाय १० फूट, सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतीत दुसरा मजला. खाली शहाबादी फरशी, भिंती उघड्या. टाळी वाजवली की भिंतींमध्ये टणटण असा झटपट प्रतिध्वनी येतो. तो घालवायला महागडे फोम लागत नाहीत. दोन जाड सतरंज्या, मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट आणि स्पीकरच्या बाजूच्या भिंतीवर जाड पडदा एवढ्याने बराच फरक पडला. खालच्या सुरांचे मात्र पडद्याने काही होत नाही. बारा फुटांच्या लांबीला साधारण ४७ हर्ट्झवर आणि दहा फुटांच्या रुंदीला ५६ हर्ट्झवर खोली स्वतः घुमते. म्हणजे बास गिटारच्या तळच्या पट्टीत एखादा सूर उगाच फुगतो. स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढले आणि ऐकणाऱ्यांची बैठक खोलीच्या बरोबर मध्यावर न ठेवता थोडी मागे सरकवली, की फुगवटा आवाक्यात येतो.

टर्नटेबल लोखंडी कपाटावर ठेवायचे नाही. पत्रा घुमतो, तो घुमारा सुईत शिरतो, सुईतून स्पीकरमध्ये आणि तिथून परत पत्र्यात. आवाज वाढवला की खालच्या पट्टीत हुंकार सुरू होतो तो यामुळे. भिंतीत ब्रॅकेट मारून त्यावर कडप्प्याची फळी, मध्ये रबरी बुंधे. कडप्पा जड असतो, घुमत नाही आणि स्वस्तात कापून मिळतो. ब्रॅकेट बाहेरच्या भिंतीत नको, पावसाळ्यात तिला ओल येते.

८ जून

यांत्रिक जुळवणी. कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग, खाचेतली हालचाल विजेत बदलणारा) ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई. सुईचा शिफारस केलेला दाब १.८ ते २.२ ग्रॅम, आपण २ ग्रॅमवर ठेवला. दाब कमी ठेवला की रेकॉर्ड वाचते असा समज सर्रास आहे. तो उलटा आहे. हलकी सुई मोठ्या आवाजाच्या जागी खाचेच्या भिंतींवर आपटत जाते आणि झीज त्यानेच होते. छोटा डिजिटल काटा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा हवा, आणि दाब रेकॉर्डच्या पातळीवर मोजायचा. काटा उंच ठेवला तर आकडा चुकतो.

सुईचा खाचेशी कोन जुळवायला कागदी प्रोट्रॅक्टर छापून घेतला. शून्य-बिंदू (जिथे कार्ट्रिज खाचेच्या बरोबर दिशेने असते) मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर. छापताना प्रिंटर कागदात बसवायला चित्र गुपचूप आक्रसतो, म्हणून छापून झाल्यावर स्टीलच्या पट्टीने अंतर तपासल्याशिवाय वापरायचा नाही.

वेग तपासायची तबकडी: आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघांचे वर्तुळ लागते; वेग बरोबर असेल तर रेघा थांबलेल्या दिसतात. इंटरनेटवर सहज मिळणारी बरीच चित्रे अमेरिकेसाठीची, २१६ रेघांची असतात. ती इथे लावली तर व्यवस्थित चालणारे यंत्रही बिघडलेले दिसते. शिवाय चांगल्या एलईडी दिव्याखाली रेघा थांबलेल्या दिसतच नाहीत, कारण तो लुकलुकत नाही. जुनी चोकवाली ट्यूबलाइट यासाठी उत्तम.

एका सभासदाचा टर्नटेबल अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेला आहे, पट्ट्यावर चालणारा, एसी मोटरचा. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून वाजतो, पण सगळी गाणी सुमारे तीन अर्धस्वर खाली. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. सिंक्रोनस मोटर फ्रिक्वेन्सीच्या मागे जाते, म्हणून ३३⅓ऐवजी साधारण २७.८ फेऱ्या. उपाय एकच, ५० हर्ट्झची पुली. लेथवाल्याकडून करून घेता येते: मूळ पुलीच्या व्यासाला १.२ ने गुणायचे (पट्ट्याच्या जाडीमुळे किंचित कमी-जास्त, शेवटचा हात १८० रेघांवर). संगणकात वेग वाढवून काम भागवायचे नाही. प्रीअँप (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारे यंत्र) आरआयएए भरपाई, म्हणजे रेकॉर्ड कोरताना कमी केलेले खालचे आणि वाढवलेले वरचे सूर पूर्ववत करणे, ठरावीक फ्रिक्वेन्सींवर करतो (वळणबिंदू ५०, ५०० आणि २१२२ हर्ट्झ). रेकॉर्डच हळू वाजली तर ती भरपाई चुकीच्या जागी पडते आणि नंतर वेग सुधारला तरी स्वराचा पोत बिघडलेलाच राहतो.

१६ जून

धुण्याचा दिवस. पहिल्या पावसानंतर बुरशीचा प्रश्न पुढे आला. कव्हर उघडल्यावर कुबट वास आणि रेकॉर्डवर पांढुरके ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, की ती प्रत लगेच बाजूला. कोरडी घासायची नाही. बीजे उडून बाकीच्या कव्हरांवर बसतात. गॅलरीत, तोंडाला मास्क, वेगळा ब्रश.

मिश्रण: एक लिटर डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीवाल्याकडे मिळते), शंभर मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पाणी खाचेत पसरावे म्हणून वेटिंग एजंटचे दोन-तीन थेंब. फिल्म धुणाऱ्या छायाचित्रकारांकडे ते असायचे, अजून ऑनलाइन मिळते. भांड्यांचा साबण वापरू नये, त्यातला सुगंध आणि चिकटपणा खाचेत राहतो. बोअरचे पाणी तर नकोच. वाळल्यावर क्षार उरतात आणि सुईला ते खड्यांसारखेच. आणि संग्रहात ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या सापडल्या तर अल्कोहोलचा थेंबही लागता कामा नये. लाख विरघळते.

क्रम असा: मऊ ब्रशने वरची धूळ, मग मिश्रण लावून मखमली पॅडने खाचेच्या दिशेने गोल, आडवे कधीच नाही. दोन मिनिटे मुरू द्यायचे. पुन्हा पॅड. मग निव्वळ डिस्टिल्ड पाण्याने धुऊन काढायचे. ही शेवटची पायरी टाळली की सुटलेली घाण तिथेच वाळते आणि धुण्याआधीपेक्षा जास्त खरखर ऐकू येते. लेबल ओले होऊ द्यायचे नाही. वाळवायला स्वयंपाकघरातले ताटाळे: रेकॉर्ड उभी राहते आणि कडेलाच टेकते. पंखा बंद.

कव्हरे सावलीत सुकवायची. उन्हात शाई उडते, पुठ्ठा वाकतो. आतल्या जुन्या प्लास्टिकच्या पिशव्या फेकायच्या, वर्षानुवर्षांत त्या रेकॉर्डवर धुरकट डाग सोडतात. छापील कागदी पाकिटे असतील तर ती कव्हरमध्ये ठेवायची, रेकॉर्ड नव्या पाकिटात.

वाकलेल्या रेकॉर्ड दोन सपाट काचांमध्ये, वर वजन, खोलीच्या तापमानाला काही आठवडे. ओव्हन, इस्त्री, ऊन यांपैकी काहीही नाही.

रोलिंग स्टोन्सच्या ‘स्टिकी फिंगर्स’ (१९७१) च्या खरी झिप असलेल्या प्रती कोणाकडे निघाल्या तर त्या आडव्या रचायच्या नाहीत. झिप शेजारच्या रेकॉर्डमध्ये रुतते. कंपनीनेच नंतर झिप मध्यापर्यंत उघडून पाठवायला सुरुवात केली होती, म्हणजे दाब पडलाच तर लेबलवर पडावा.

२३ जून

जुना बाजार, रविवारचा. खरेदीचे निकष इथे लिहून ठेवतो, कारण पुढच्या वेळी दुसरे सभासद जातील.

उन्हात रेकॉर्ड तिरपी धरायची. केसासारखे वरवरचे ओरखडे दिसायला वाईट पण बरेचदा ऐकू येत नाहीत. नख फिरवल्यावर लागणारा ओरखडा मात्र टकटक करणारच. मधल्या छिद्राभोवती लेबलवर रेघांची जाळी असेल तर ती प्रत भरपूर वाजलेली आहे. चमक गेलेली, राखाडी दिसणारी खाच असेल तर सोडून द्या, मग कव्हर कितीही सुंदर असो.

आपल्याकडच्या जुन्या प्रतींचा खास त्रास म्हणजे त्या कशावर वाजल्या. घरोघरच्या पेटी-प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असायचे, दाब पाच-सहा ग्रॅम किंवा त्याहून जास्त, आणि सुई वर्षानुवर्षे बदललेली नसायची. त्यातल्या मोनो कार्ट्रिजला तर वर-खाली हालचालीची मुभाच नसते, स्टिरिओ खाच ती खरवडतच जाते. अशा प्रतीत शांत भाग बरे आणि गाणे चढले की फाटल्यासारखा आवाज. यावर धुण्याचा उपयोग नाही. वेगळ्या आकाराच्या सुईने मात्र कधी कधी जीव येतो: मायक्रोलिनिअर (अगदी बारीक कडेची) सुई खाचेच्या भिंतीला जुनी सुई पोचली नव्हती त्या उंचीवर स्पर्श करते. व्हीएम९५ मालिकेत फक्त पुढची सुई काढून दुसरी बसवता येते, कार्ट्रिज हलवावे लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

नोंदवहीत प्रत्येक प्रतीसाठी: कंपनी, लेबलचा रंग, कव्हरवरचा क्रमांक, आणि लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक. शेवटचा सगळ्यांत महत्त्वाचा. कव्हर बदलले जाऊ शकते, कोरलेला क्रमांक नाही. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात दाबलेल्या प्रती आणि इंग्लंडहून आलेल्या प्रती शेजारी ठेवून ऐकायच्या. भारतीय प्रतीला कमी लेखून वगळायचे नाही, इथल्या कानांनी तीच ऐकली आहे.

३० जून

घरघर. आधी ती कोणती ते ओळखायचे. सपाट, खोल ५० हर्ट्झची हूं असेल तर बहुधा टोनआर्मची (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याची) अर्थ वायर सुटलेली, किंवा कार्ट्रिज अँपच्या ट्रान्सफॉर्मरजवळ. खरबरीत, वरच्या पट्टीपर्यंत जाणारी झीं असेल तर अर्थचे वेटोळे (यंत्रांच्या अर्थ जोडण्यांतून फिरणारा नको असलेला प्रवाह) किंवा कुठला तरी इलेक्ट्रॉनिक स्विच. शोधण्याचा क्रम: लॅपटॉपचा चार्जर काढा, मग पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पूर्ण बंद करा, मग प्रीअँपची जागा बदला, मग सगळी यंत्रे एकाच बोर्डावर घ्या. इथे दोषी दोघे निघाले, चार्जर आणि रेग्युलेटर. रेकॉर्डिंग आता लॅपटॉपच्या बॅटरीवर.

अर्थची पिन कापून घरघर घालवण्याचा सल्ला अजूनही मिळतो. तो पाळायचा नाही, जिवावर बेतेल.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग चालू ठेवायचे नाही. साध्या इन्व्हर्टरची लहर चौकोनी असते, अँपमध्ये झीं येते आणि एसी मोटर थरथरते.

यूएसबी टर्नटेबल वापरणाऱ्यांसाठी: मागचे बटण ‘लाइन’वर असताना वायर अँपच्या ‘फोनो’मध्ये घातली तर आरआयएए भरपाई दोनदा होते. आवाज फुगलेला, वरचे सूर दबलेले आणि सगळेच फाटल्यासारखे. बिघाड म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी हे बटण बघा. तापकीर गल्लीत आरसीए वायर घेताना फार लांब नको. प्रीअँपपर्यंत एक मीटरच्या आत. वायर जेवढी लांब तेवढी कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) जास्त, आणि या कार्ट्रिजला एकूण १०० ते २०० पिकोफॅरडच मानवते. त्याच्या वर गेले की वरचे सूर बोचरे होतात.

७ जुलै

पहिले पूर्ण रेकॉर्डिंग: लेड झेपेलिनचा चौथा अल्बम (१९७१), बाजू १.

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. मिनिटाला साधारण ३४.५ एमबी, म्हणजे बावीस मिनिटांच्या बाजूला ७६० एमबीच्या आसपास. फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता फाइल लहान करणारे स्वरूप) बरीच कमी होते. पातळी ठरवायला सर्वांत मोठा भाग आधी वाजवून बघायचा आणि शिखर उणे ६ डेसिबलवर ठेवायचे. वर जागा सोडायची कारण ओरखड्याचा टकटक आवाज संगीतापेक्षा उंच उडतो, आणि तो कापला गेला तर नंतर काढताना खुणा राहतात. २४ बिटमध्ये पातळी थोडी कमी ठेवल्याने काही बिघडत नाही.

ही बाजू यंत्राची खरी परीक्षा आहे. ‘स्टेअरवे टू हेवन’ बाजूच्या शेवटी आहे, आठ मिनिटांचे, आणि ते चढत जाते. म्हणजे सर्वांत दाट, मोठा भाग बरोबर सर्वांत आतल्या खाचेत. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते, आत येईपर्यंत ती २१ सेंटिमीटरवर येते. तेवढ्याच वेळाचे संगीत निम्म्याहून कमी जागेत लिहिलेले. इथे ‘स’ आणि झांजा फुटायला लागल्या तर तपासण्याचा क्रम: सुईवरची धूळ, मग कोन, मग अँटिस्केट (सुई आत ओढली जाते त्याचा तोल), मग दाब. हे सगळे बरोबर असूनही दोन्ही कानांत फुटत असेल तर खाचच झिजलेली आहे.

डीप पर्पलच्या ‘इन रॉक’ (१९७०) मध्येही ‘चाइल्ड इन टाइम’ पहिल्या बाजूच्या शेवटी आहे आणि तिथेही किंकाळ्या आतल्या खाचेत येतात. उलट ‘मशीन हेड’ (१९७२) मध्ये ‘स्मोक ऑन द वॉटर’ दुसऱ्या बाजूला पहिले. बाहेरच्या कडेला असल्याने झिजलेल्या प्रतीतही ते भरदार वाजते. जुन्या प्रती तपासताना हे लक्षात ठेवले की कुठे कान लावायचा ते कळते.

१४ जुलै

खरखर किती काढायची यावर बराच वाद झाला. ठरले ते असे: मूळ रेकॉर्डिंग जसेच्या तसे कायम ठेवायचे. ऐकण्याच्या प्रतीत फक्त सुटे टकटक आवाज, हाताने, एकेक. ऑडासिटीतला ‘रिपेअर’ एका वेळी १२८ सॅम्पलपर्यंतचा तुकडा शेजारच्या लहरीवरून भरून काढतो, तो या कामाला पुरतो. आख्ख्या फाइलवर आपोआप चालणारे क्लिक रिमूव्हल ‘डार्क साइड’वर चालवून बघा म्हणजे धोका कळेल: ‘टाइम’च्या सुरुवातीची घड्याळे आणि ‘मनी’तली नाणी व गल्ल्याचे यंत्र यांनाच ते ओरखडे समजते आणि बोथट करते. स्नेअर ड्रमच्या काठीची धारही तशीच जाते.

हिस् (बारीक सळसळ) काढणारे फिल्टर तर अजिबात नको. ‘डार्क साइड’च्या सुरुवातीचा हृदयाचा ठोका शांततेतून वर येतो. फिल्टर शांतता आणि ठोका दोन्ही खातो. पृष्ठभागाची बारीक सळसळ राहिली तर कान पहिल्या मिनिटात ती विसरतो. कुरतडलेली झांज मात्र शेवटपर्यंत खटकत राहते.

मोनो रेकॉर्ड असेल तर दोन्ही चॅनल एकत्र करायचे. वर-खालच्या हालचालीतला आवाज त्यात एकमेकांना छेदून जातो आणि खरखर बरीच उतरते. फुकट मिळणारी सफाई.

२८ जुलै

कॅसेट. आधी न वाजवता बघायच्या. फीत दाबणारा स्पंजचा तुकडा गळून पडलेला असेल तर एका बाजूचा आवाज दबका येतो. दुसऱ्या टाकाऊ कॅसेटमधून पत्ती-स्पंज काढून बसवायचा. कवच पाच स्क्रूंचे असेल तर सोपे, चिकटवलेले असेल तर नव्या कवचात फीत हलवायची. बुरशी असेल तर गुंडाळलेल्या फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते. तशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालायचीच नाही. वाजवण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि मागे गुंडाळून घ्यायची, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटलेले थर सुटतात. सी-९० ची फीत साधारण १२ मायक्रॉन जाड, सी-६० ची १८. जुन्या सी-१२० फक्त ९. त्या ताणल्या जातात, त्यांना झटके द्यायचे नाहीत.

हेडचा तिरपेपणा, म्हणजे अ‍ॅझिमथ, प्रत्येक कॅसेटला वेगळा. दुकानातल्या डेकवर भरलेली असो वा मॅग्नासाउंड कंपनीची छापील, ज्या हेडवर ती भरली गेली त्याच्याशी आपल्या हेडचा कोन जुळवावा लागतो. दोन्ही चॅनल मोनो करून ऐकायचे, हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी, हळूहळू फिरवायचा. जिथे झांजा सर्वांत स्वच्छ, तिथे थांबायचे. हे न करता ‘जुनी कॅसेट, आवाज दबलाच असणार’ म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी प्रती प्रत्यक्षात ठणठणीत असतात. डॉल्बी बी (फितीची सळसळ कमी करणारी सोय) बंद ठेवून रेकॉर्ड करायचे की चालू, ते कॅसेटवरच्या खुणेवर विसंबून ठरवू नये, ऐकून ठरवावे. कोन जुळवण्याआधी डॉल्बी चालू केले तर वरचे सूर दुप्पट मरतात.

कव्हरवरच्या हस्ताक्षराचा फोटो नोंदवहीत. गाण्यांची नावे चुकीची लिहिलेली असतील तरी तशीच उतरवायची, बरोबर नाव शेजारी.

११ ऑगस्ट

मैफलींच्या आठवणी. रकाने: गाव, मैदान, तारीख, कुठल्या वाहनाने गेले, पहिले गाणे, शेवटचे गाणे, तिकिटाचा तुकडा आहे का. तिकिटे ६०० डीपीआयवर दोन्ही बाजू स्कॅन. लॅमिनेट करायची नाहीत.

आठवण प्रेमाने सांगितली जाते आणि तारीख घसरते. सांगणाऱ्याला खोटे पाडायचे नाही, पण नोंद पक्की हवी. त्यासाठी काही खुणा फार उपयोगी पडतात. डीप पर्पल ८ एप्रिल १९९५ ला अंधेरी क्रीडा संकुलात वाजले, तेव्हा गिटारवर स्टीव्ह मोर्स होता. रिची ब्लॅकमोर १९९३ मध्येच बाहेर पडला होता. म्हणून मुंबईत ब्लॅकमोर पाहिल्याची आठवण असेल तर ती बहुधा पोस्टर आणि मैफल यांची सरमिसळ आहे. त्याच मैफलीला ‘एक्स्प्रेसवेने गेलो’ असे कोणी सांगितले तर तारीख पुन्हा विचारायची: मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे २००२ मध्ये पूर्ण झाला, १९९५ ला जाणारे जुन्या हायवेने, खंडाळ्याच्या घाटातून किंवा रेल्वेने गेले.

आयर्न मेडनची गल्लत नेहमीची. १७ मार्च २००७ बेंगळुरू, पॅलेस ग्राउंड्स; १ फेब्रुवारी २००८ मुंबई. ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ आठवत असेल तर मुंबई. रॉजर वॉटर्स २००२ मध्ये बेंगळुरूला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये मुंबईला. ‘डार्क साइड’ सलग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्याचे आठवत असेल तर दुसरी. रोलिंग स्टोन्स एप्रिल २००३, आधी बेंगळुरू, मग मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम. द पोलीस मार्च १९८० मध्ये मुंबईत. तिथे गेलेले कोणी पुण्यात असतील तर त्यांची आठवण सर्वांत आधी ध्वनिमुद्रित करायची, वाट बघायची नाही.

बोलताना शक्यतो त्या बँडची रेकॉर्ड आधी वाजवायची. गाणी ऐकली की क्रम आपसूक आठवतो. प्रश्न नंतर विचारायचे.

२५ ऑगस्ट

नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू आहे. खिडक्या लावल्या तरी ढोलाचा खालचा ठोका इमारतीतून चढतो आणि सुईत येतो. स्पेक्ट्रोग्राममध्ये (संगणकावरच्या आवाजाच्या आलेखात) तळाशी ठिपक्यांची रांग दिसते. संध्याकाळचे रेकॉर्डिंग बंद, सकाळी सहा ते नऊ चालू. गणपतीच्या दहा दिवसांत फक्त स्कॅनिंग आणि नोंदवही.

२२ सप्टेंबर

डबल अल्बम आणि सलग बाजू.

‘मेड इन जपान’ (डीप पर्पल, ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९७२, ओसाका आणि टोकियो): चार बाजू, चौथीवर एकटे ‘स्पेस ट्रकिन’’. टाळ्या बाजूच्या शेवटी विरतात, त्या पुढच्या बाजूच्या टाळ्यांना संगणकात जोडायच्या नाहीत. काही जुन्या डबल अल्बमांत एका रेकॉर्डवर १ आणि ४, दुसरीवर २ आणि ३ अशा बाजू असतात. रेकॉर्ड आपोआप बदलणाऱ्या यंत्रांसाठी ती सोय होती. छपाईतली चूक समजून क्रम बदलू नये.

आपोआप गाणी तोडणारी सुविधा शांततेवर चालते, आणि या अल्बमांत शांतता हवी तिथे नसते, नको तिथे असते. ‘अ‍ॅबी रोड’ (बीटल्स, १९६९) हा त्याचा पूर्ण पाठ. पहिली बाजू ‘आय वाँट यू’वर भर आवाजात एकदम कापलेली आहे. सुई उडाली नाही, फीतही तुटली नाही; ते तसेच आहे, तिथे फेड घालायचा नाही. दुसऱ्या बाजूला गाणी एकमेकांत शिरतात, आणि ‘दी एंड’नंतर सुमारे चौदा सेकंद काहीच नाही, मग ‘हर मॅजेस्टी’. रेकॉर्ड संपली समजून सुई उचलणारे आणि फाइल कापणारे, दोघांचेही ते गाणे हुकते. पिंक फ्लॉइडच्या ‘अ‍ॅटम हार्ट मदर’ (१९७०) च्या मूळ एलपीवर शेवटी नळाचे टपटप बंद खाचेत आहे, सुई उचलेपर्यंत चालूच राहते. अशा ठिकाणी चार-पाच फेऱ्या घेऊन थांबायचे आणि नोंदीत ‘बंद खाच’ लिहायचे.

पिंक फ्लॉइडच्याच ‘मेडल’ (१९७१) ची दुसरी बाजू म्हणजे एकटे ‘एकोज’, साडेतेवीस मिनिटे. बाजू लांब की खाचा जवळजवळ बसवाव्या लागतात आणि पातळी कमी कोरावी लागते. म्हणून ती इतरांपेक्षा लहान आवाजात वाजते आणि खरखर जास्त जाणवते. पातळी वाढवून ‘मशीन हेड’च्या बरोबरीला आणू नये.

१३ ऑक्टोबर

बैठकीची मांडणी. आवाज बसण्याच्या जागी सरासरी ७५ ते ८० डेसिबल, त्याहून जास्त या खोलीला सोसत नाही आणि शेजाऱ्यांनाही. सुरुवात साडेसहाला, दहाच्या बरीच आधी संपते. आठ-दहा माणसे बसली की सतरंजी-पडद्याच्या वर आणखी आवाज शोषला जातो, वरचे सूर किंचित मंदावतात. पडदा अर्धा सारून ते भरून काढायचे. बाजू चालू असताना बोलणे नाही, चहा बाजू उलटताना.

पहिली बैठक: आधी ४५ फेऱ्यांची एक छोटी रेकॉर्ड, बीटल्सच्या ‘लेडी मॅडोना’ (१९६८) ची मागची बाजू, ‘दी इनर लाइट’. त्याचे वाद्यसंगीत जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत मुद्रित केले, बासरी हरिप्रसाद चौरसियांची. मग ‘अ‍ॅबी रोड’ बाजू २, आधी डमडमची प्रत, चहानंतर इंग्लंडची. दोन्हींची पातळी आधी मीटरवर जुळवून ठेवायची. नाही तर जी थोडी मोठी वाजते तीच सगळ्यांना चांगली वाटते.

नोव्हेंबरसाठी: सध्याच्या लंबवर्तुळाकार सुईचे साधारण ३०० तास भरत आले की बदलायची, नवी मागवून ठेवली आहे. ५० हर्ट्झची पुली लेथवाल्याकडून आली, १८० रेघांवर तपासून बसवायची. बाणेरच्या सभासदांच्या दोन खोकी कॅसेट दिवाळीनंतर येणार आहेत, त्यांच्यासाठी सिलिका जेल आणि सुटी कवचे घ्यायची. बैठकीत ‘इन रॉक’, बाजू १.